टीव्ही आणि गेमसाठी हेडफोन अॅम्प: आधी सॉकेट, मग वॅट

हेडफोन अॅम्प्लिफायर घ्यायला निघालेल्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: किती वॅटचा घेऊ? दुकानदारही त्याच भाषेत उत्तर देतो, कारण आकडा सांगायला सोपा आणि विकायला त्याहून सोपा. टीव्ही आणि गेम कन्सोलच्या बाबतीत मात्र हा प्रश्न तिसरा यायला हवा. पहिला प्रश्न, आवाज तुमच्या टीव्हीतून किंवा कन्सोलमधून कोणत्या सॉकेटमधून बाहेर येणार? दुसरा, तुमचा हेडफोन कोणता? ही दोन उत्तरं हातात आली की वॅटचा प्रश्न बऱ्याचदा उरतच नाही. काही वाचकांना तर अॅम्प घ्यायचीच गरज नाही, असं निघेल. निघालं तर उत्तमच.

ती शक्यता आधी तपासून बघू. प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर, एक्सबॉक्सचा कंट्रोलर आणि निन्टेंडो स्विच या तिन्हींवर ३.५ मिमीचं, म्हणजे मोबाइलच्या इअरफोनचं जुनं ओळखीचं सॉकेट आहे. तुमचा हेडफोन त्यात लावा, नेहमीचा गेम सुरू करा आणि आवाजाची पट्टी पाऊणपर्यंत न्या. आवाज पुरेसा भरतोय, स्फोट झाला तरी फाटत नाही, असं असेल तर पैसे खिशात ठेवा. ‘गेमिंग हेडसेट’ म्हणून विकले जाणारे बहुतेक हेडसेट याच सॉकेटचा अंदाज घेऊन बनवलेले असतात. त्यांना वेगळा अॅम्प जोडून फारसं काही हाती लागत नाही. पण पट्टी शंभरावर नेऊनही पात्रं पुटपुटतायत असं वाटत असेल, किंवा हेडफोनची वायर टीव्हीपासून सोफ्यापर्यंत पुरत नसेल, किंवा टीव्हीला हेडफोनचं सॉकेटच नसेल (नव्या टीव्हींपैकी अनेकांना ते नसतं), तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

खरेदीआधी एक फरक पक्का करा. बाजारात ज्याला सरसकट ‘हेडफोन अॅम्प’ म्हणतात त्यात दोन वेगळ्या वस्तू येतात. एक नुसता अॅम्प: तो आधीच तयार झालेला अॅनालॉग आवाज घेतो आणि जोर देऊन हेडफोनला पुरवतो. दुसरा डॅकसह अॅम्प: तो टीव्ही किंवा कन्सोलकडून डिजिटल आवाज घेतो, त्याचा अॅनालॉग करतो आणि मग जोर देतो. शीट कंपनीचा मॅग्नी किंवा जेडीएस लॅब्जचा अॅटम अॅम्प ही पहिल्या प्रकारातली नावाजलेली नावं. परीक्षणं वाचून लोक ती मागवतात, पेटी उघडतात आणि मग लक्षात येतं की मागे लाल-पांढऱ्या आरसीएसारखी अॅनालॉग सॉकेटंच आहेत, टीव्हीची ऑप्टिकल वायर खोचायला जागाच नाही. मग डॅक वेगळा घ्या, वायरी वेगळ्या घ्या. टीव्हीजवळ ठेवायचा असेल तर डॅकसह अॅम्प एकाच डब्यात घेणं सोयीचं, हे माझं स्पष्ट मत.

आता कन्सोलकडे वळू. कॉम्प्युटरवाल्यांचं एक बरं असतं, कोणताही यूएसबी डॅक आणला की बहुधा चालतो. कन्सोलच्या बाबतीत काय चालेल हे कंपनी ठरवते, आणि प्रत्येकीची तऱ्हा निराळी.

प्लेस्टेशन ५ च्या कोणत्याही मॉडेलला ऑप्टिकल सॉकेट नाही. पहिल्या प्लेस्टेशन ४ ला होतं, प्रोलाही होतं. स्लिम मॉडेलमधून २०१६ मध्ये ते काढलं आणि प्लेस्टेशन ५ मध्ये परत आणलंच नाही. त्याऐवजी यूएसबी चालतं, पण अटीवर. यूएसबी ऑडिओचे दोन वर्ग प्रचलित आहेत, यूएसी १ आणि यूएसी २. प्लेस्टेशनला पहिला वर्गच समजतो. नवे डॅक बहुधा दुसऱ्या वर्गाचे असतात आणि प्लेस्टेशनला जोडल्यावर ढिम्म बसून राहतात. म्हणून डॅक घेताना त्याला यूएसी १ चा पर्याय आहे का, हे माहितीपत्रकात शोधा. काहींना त्यासाठी चक्क वेगळा खटका असतो. फिओच्या के३ ला तो आहे. यूएसी १ ची मर्यादा ९६ किलोहर्ट्झपर्यंत आणि गेमचा आवाज ४८ किलोहर्ट्झचा, त्यामुळे जुन्या वर्गात जाऊन तुमचं काहीही बुडत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले ३८४ किलोहर्ट्झ आणि डीएसडी इथे शोभेचेच.

एक्सबॉक्सची गोष्ट आणखी कडक. एक्सबॉक्स वनच्या पिढीत ऑप्टिकल सॉकेट होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या सीरिज एक्स आणि सीरिज एस मधून ते गेलं, आणि साधा यूएसबी डॅक एक्सबॉक्स ओळखतच नाही. ‘यूएसबी आहे ना, मग चालेल’ या भरवशावर घेतलेला डॅक इथे पेपरवेट होतो. सीरिज एक्सवाल्यांनी टीव्हीच्या ऑप्टिकल सॉकेटमधून आवाज घ्यावा, नाहीतर कंट्रोलरच्या सॉकेटवर भागवावं. निन्टेंडोचा स्विच त्या मानाने दिलदार आहे. ऑक्टोबर २०१७ च्या ४.० अपडेटपासून तो यूएसबी ऑडिओ घेतो, डॉकमध्ये असतानाही. वरच्या कडेला ३.५ मिमीचं सॉकेट आहे ते वेगळंच.

या सगळ्या भानगडींना वळसा घालणारा मार्ग म्हणजे टीव्ही. कन्सोल, सेट-टॉप बॉक्स, स्टिक, जे काही असेल ते एचडीएमआयने टीव्हीत जातं आणि टीव्हीच्या मागच्या ऑप्टिकल सॉकेटमधून सगळ्यांचा आवाज एकाच वायरीने बाहेर येतो. एक अॅम्प आणि घरातली सगळी उपकरणं. उद्या कन्सोल बदलला तरी अॅम्प तोच. म्हणून बहुतेक घरांसाठी माझी पहिली शिफारस ऑप्टिकल इनपुट असलेल्या अॅम्पची असते.

ही पद्धत जुनी आणि साधी आहे. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली, म्हणून तिला टॉसलिंक म्हणतात. टीव्हीच्या मागे छोटं, एका बाजूला कोपरे छाटल्यासारखं चौकोनी तोंड असतं आणि त्यावर बारीकशी झडप. टीव्ही चालू असताना ती झडप नखाने किंचित आत ढकलली तर आतून लाल उजेड दिसतो. हाच तुमचा आवाज. वायरीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लॅस्टिकची टोपी असते, ती काढायची राहून जाते आणि मग ‘वायर बसतच नाही’ अशी तक्रार होते. टोपी काढा, तोंडाचा आकार जुळवा, हलकासा टक आवाज येईपर्यंत ढकला. दुसरं टोक हातात धरून बघा, तिथे लाल ठिपका दिसला पाहिजे. वायर भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात मुडपू नका. आत तांबं नाही, प्रकाश नेणारा प्लॅस्टिकचा तंतू आहे.

इतकं करूनही अॅम्प मुका राहिला, किंवा काही चॅनेलवर आवाज येतो आणि काही एचडी चॅनेलवर गायब होतो, तर अॅम्प बिघडला असं समजून परत पाठवू नका. दोष बहुधा टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतो. टीव्ही ऑप्टिकलमधून आवाज दोन रूपांत पाठवू शकतो: साधा दोन चॅनेलचा पीसीएम, किंवा डॉल्बी डिजिटलसारखा गुंडाळलेला. ती गुंडाळी उलगडायचं यंत्र होम थिएटरमध्ये असतं, साध्या डॅकमध्ये नसतं. टीव्हीच्या साउंड मेनूत ‘डिजिटल साउंड आउटपुट’ किंवा तशाच नावाची ओळ शोधा. सॅमसंगमध्ये ती एक्सपर्ट सेटिंग्जमध्ये असते, एलजीमध्ये अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये. तिथे ऑटो किंवा पास-थ्रू असेल ते बदलून पीसीएम करा. कन्सोलमध्येही आवाज लिनियर पीसीएम, दोन चॅनेल असा ठेवा. नव्वद टक्के रडगाणी इथेच संपतात, असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

गुंडाळी उलगडणारे अॅम्प मुळीच नसतात असं नाही. २०१८ मध्ये आलेला क्रिएटिव्हचा साउंड ब्लास्टरएक्स जी६ ऑप्टिकलमधून आलेला डॉल्बी डिजिटल उलगडतो, वर माइकचं सॉकेटही देतो. ज्यांना ५.१ चा आवाज घेऊन त्यावर आभासी सराउंड करायचा आहे त्यांनी असा डबा शोधावा. बाकीच्यांना पीसीएम पुरतो.

ऑप्टिकल सॉकेट दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, ते इनपुट आहे की आउटपुट तेही वाचा. वर उल्लेख केलेल्या फिओ के३ ला ऑप्टिकल आहे, पण ते आउटपुट. टीव्हीचा आवाज त्यात शिरणार नाही. त्याच कंपनीच्या के५ प्रो, के११ आणि के७ ला ऑप्टिकल इनपुट आहे. आयफायचा झेन डॅक दिसायला देखणा, आवाजाला चांगला, पण त्याला इनपुट फक्त यूएसबीचं, टीव्हीसाठी निरुपयोगी. फोटोत मागची बाजू दाखवलेली नसेल तर ती शोधून बघितल्याशिवाय मागवू नका.

टीव्हीला ऑप्टिकलच नसेल तर? मग एचडीएमआयचं एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं सॉकेट बघा. त्याला जोडायचा छोटा एआरसी एक्स्ट्रॅक्टर मिळतो, तो ऑप्टिकल किंवा आरसीएमधून आवाज बाहेर काढतो. दुसरा एक प्रकार कन्सोल आणि टीव्हीच्या मधोमध बसतो आणि चित्रातून आवाज वेगळा काढतो. हा घेताना फार जपून. स्वस्त एक्स्ट्रॅक्टर फोर-के चित्र सेकंदाला ६० फ्रेमपर्यंतच जाऊ देतात; १२० फ्रेम आणि व्हीआरआरसाठी (फ्रेमच्या बदलत्या वेगाशी पडदा जुळवून घेण्याची सोय) महागडा टीव्ही घेतला असेल तर आवाजाच्या नादात चित्राचा गळा आवळला जाईल. एआरसीच्या बाजूने काढलेला आवाज या फंदात पडत नाही, कारण चित्राच्या वाटेत तो येतच नाही.

उशिराचा प्रश्न गेम खेळणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळतो. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद टिकते. नेहमीच्या ब्लूटूथचा उशीर दीडशे-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत सहज जातो, म्हणजे दहा-बारा फ्रेम. बंदुकीचा चाप ओढला, समोरचा पडला, आणि मग आवाज. दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय संघटना आयटीयूने प्रसारणासाठी दिलेल्या मर्यादेनुसार आवाज चित्राच्या सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाच्या लक्षात येऊ लागतं. पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच खटकतं. बातम्या किंवा मालिका बघताना मागे पडलेला आवाज माणूस खपवून घेतो, शिवाय टीव्ही चित्र रोखून धरून जुळवूनही घेतो. गेममध्ये चित्र रोखून धरणं म्हणजे हारच. म्हणून अॅम्पला ब्लूटूथ आहे या गोष्टीचा मोह धरू नका, गेमसाठी वायरच हवी. टीव्हीचा गेम मोड चालू ठेवा, आणि ऑडिओ डिले किंवा लिप-सिंक नावाचं काही असेल तर ते शून्यावर आणा. तरीही प्लेस्टेशनवर आवाज मागे वाटला तर यूएसबीने थेट कन्सोलला जोडून बघा. टीव्ही वाटेतून बाजूला होतो आणि फरक लगेच कळतो.

यूएसबीचा आणखी एक फायदा प्लेस्टेशन ५ वर मिळतो. हेडफोनसाठीचा त्याचा ३डी ऑडिओ कंट्रोलरच्या सॉकेटवर आणि यूएसबीवर मिळतो. टीव्हीच्या ऑप्टिकलमधून तुम्हाला साधा स्टीरिओ येतो. पाठीमागून येणारी पावलं ऐकून जिंकायचा गेम असेल तर यूएसबीला किंमत आहे. कथेचा गेम किंवा सिनेमा असेल तर चांगल्या हेडफोनवरचा साधा स्टीरिओ मला तरी जास्त आवडतो. ३डी करताना माणसांचे आवाज थोडे बाथरूममध्ये उभं राहून बोलल्यासारखे होतात. हे चवीचं आहे. चवीचं नाही ते एवढंच की असला सराउंड एकाच ठिकाणी चालू ठेवावा. कन्सोलचा ३डी, टीव्हीचा व्हर्च्युअल सराउंड आणि अॅम्पवरचं ७.१ चं बटण अशी तीन पुटं चढवली की पावलं कुठून येतात ते देवालाही कळणार नाही.

आता हेडफोन आणि शक्ती. इथे थोडं गणित करू या, कारण याच जागी सगळ्यात जास्त थापा विकल्या जातात. हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे बघायचे: इम्पिडन्स, म्हणजे किती ओहम, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे दिलेल्या विजेत किती डेसिबल. सिनेमा आणि गेममध्ये नेहमीचा आवाज मध्यम असतो आणि क्षणभर मोठे उसळे येतात. उसळी ११० डेसिबलपर्यंत न फाटता गेली म्हणजे भरपूर झालं, असं धरू.

ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा, एका मिलिवॅटला ९९ डेसिबलचा. त्याला ११० डेसिबलसाठी सुमारे १३ मिलिवॅट लागतात, व्होल्ट पाऊणसुद्धा नाही. याला अॅम्प नको. सेनहायझरचा एचडी ६५० तीनशे ओहमचा. एका व्होल्टला १०३ डेसिबल देतो. त्याला सव्वादोन व्होल्ट हवेत, पण शक्ती म्हणाल तर फक्त १७ मिलिवॅटच्या आसपास. हायफायमॅनचा एचई४००एसई याच्या अगदी उलट: २५ ओहम, मिलिवॅटला ९१ डेसिबल. व्होल्ट दीडच्या आत पुरतात, पण शक्ती ८० मिलिवॅटच्या घरात आणि करंट पन्नास मिलिअँपियरच्या वर. म्हणजे एकाला दाब हवा, दुसऱ्याला प्रवाह. ‘ओहम जास्त म्हणजे हेडफोन जड’ हा सरसकट समज अर्धाच खरा; एचई४००एसईसारखे कमी ओहमचे प्लेनर हेडफोन कंट्रोलरला जास्त दमवतात.

हे आकडे पुन्हा बघा. सगळ्यात हट्टी हेडफोनलाही ८० मिलिवॅट पुरले. बाजारात मात्र एक वॅट, दोन वॅट असे आकडे मिरवतात. फिओ के७ बॅलन्स्ड सॉकेटवर ३२ ओहमला दोन वॅट देतो असं कंपनी सांगते. छान आहे, पण तेवढ्याची गरज पडली तर आधी कानाच्या डॉक्टरकडे जावं. शिवाय शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणून शंभर आणि दोनशे मिलिवॅटच्या दोन अॅम्पमधला फरक किमतीत जेवढा दिसतो तेवढा कानाला जाणवत नाही. तुमच्या हेडफोनच्या ओहमला अॅम्प किती मिलिवॅट देतो, हा एकच आकडा बघा. तो वरच्या हिशोबाच्या दुप्पट-तिप्पट असला की थांबा. आउटपुट इम्पिडन्स नावाचा आणखी एक आकडा असतो; तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागाहून कमी असावा. एक-दोन ओहम असेल तर विषय संपला.

हातात घेऊन बघण्यासारखी गोष्ट म्हणजे आवाजाचा नॉब. टीव्हीच्या ऑप्टिकलमधून आवाज बहुतेक वेळा ठरावीक पातळीने येतो, रिमोटने कमी-जास्त होत नाही. म्हणजे जाहिरात आली, आवाज दणकन वाढला, की हात नॉबवर गेला पाहिजे, आणि नॉब सोफ्यावरून हाताला लागला पाहिजे. म्हणून अॅम्प टीव्हीच्या कपाटात ठेवून हेडफोनची वायर वाढवण्यापेक्षा अॅम्पच बसायच्या जागेजवळ ठेवा आणि ऑप्टिकल वायर लांब घ्या. पाच मीटर ऑप्टिकल निवांत चालते. यूएसबीची साधी वायर मात्र पाच मीटरच्या पुढे नेऊ नये. वायर सतरंजीखालून जाणार असेल तर कडेने न्या, मधून नको, पायाखाली दबून तंतू तुटतो.

अॅम्पवर गेनचा, म्हणजे आवाज किती पटीने वाढवायचा ते ठरवणारा, खटका असेल तर सुरुवात कमी गेनपासून करा. कमी गेनवर नॉब घड्याळाच्या दहा ते दोनच्या मध्ये असताना नेहमीचा आवाज मिळाला, तर जोडी जमली. जास्त गेनवर नॉब जेमतेम हलवताच कान किंचाळत असतील, तर तो अॅम्प तुमच्या हेडफोनला नको तितका दांडगा आहे. शिवाय स्वस्त नॉब सुरुवातीच्या टोकाला असताना एका कानात आवाज जास्त येतो, ती कटकट वेगळीच.

रिकाम्या खोलीत काही न वाजवता हेडफोन घालून बसा. बारीक शूं असा आवाज नाजूक इअरफोनवर येतो, कमी गेनने तो जातो. खालच्या सुरातली सततची गुणगुण येत असेल तर ती अर्थिंगची भानगड. डिश अँटेनाची वायर छतावरून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीत येते. तिकडची आणि भिंतीतली अर्थिंग जुळली नाही की आरसीए वायरीतून ती गुणगुण थेट कानात. ओळखायची युक्ती सोपी: डिशची वायर थोडा वेळ काढा. गुणगुण थांबली तर अॅम्प निर्दोष. ऑप्टिकलमध्ये वीज वाहतच नाही, त्यामुळे या वाटेने गुणगुण येऊच शकत नाही. माझ्या शिफारशीमागचं हे दुसरं कारण. अॅम्पला वीज टीव्हीच्या यूएसबी सॉकेटमधून देऊ नका. मोबाइलचा चांगला चार्जर वापरा किंवा सोबत आलेला अडॅप्टर.

मित्रांशी बोलत खेळणाऱ्यांनी माइकचा विचार आधीच करावा, कारण संगीतासाठी बनवलेल्या बहुतेक अॅम्पना माइकचं सॉकेट नसतं. हेडसेटची चार पट्ट्यांची पिन त्यात लावली तर ऐकू येईल, बोलता येणार नाही. प्लेस्टेशन ५ वर मार्ग सोपा आहे: आवाज यूएसबी डॅकवर ठेवा आणि माइक म्हणून कंट्रोलरमध्येच बसवलेला माइक निवडा. एक्सबॉक्सवर पार्टी चॅटचा आवाज हेडसेटऐवजी स्पीकरवर पाठवायची सोय आहे. ती लावली की मित्रांचे आवाजही टीव्हीमार्गे अॅम्पवर येतात, आणि कंट्रोलरला फक्त कॉलरचा छोटा माइक लावून काम भागतं. रोज दोन-तीन तास गप्पा मारत खेळणार असाल तर या जुगाडापेक्षा माइकचं सॉकेट असलेला गेमिंग डॅक घ्या. आवाजात उन्नीस-बीस झालं तरी चालेल.

बॅलन्स्ड सॉकेटबद्दल एवढंच सांगतो: ४.४ मिमीचं सॉकेट आहे म्हणून अॅम्प महाग पडत असेल तर टीव्हीसाठी ते पैसे वाया. आणि असेल तर साध्या पिनचा हेडफोन अडॅप्टर लावून त्यात कधीही खोचू नका, अॅम्प जळू शकतो.

गेम न खेळणाऱ्या एका ग्राहकाचा उल्लेख केलाच पाहिजे, तो म्हणजे घरातले आजोबा किंवा आजी. कमी ऐकू येतं म्हणून टीव्ही चाळीसवर, शेजारच्या खोलीत नातीचा अभ्यास, आणि रोजची वादावादी. अनेक टीव्हींत स्पीकर आणि ऑप्टिकल दोन्ही एकाच वेळी चालू ठेवायची सोय असते. एलजीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये साउंड आउटमध्ये तो पर्याय दिसतो. मग घरच्यांसाठी स्पीकर बारावर आणि आजोबांच्या खुर्चीशेजारी मोठ्या नॉबचा साधा अॅम्प, त्यांचा आवाज त्यांच्या हातात. इथे हलका, कानाभोवती सैल बसणारा हेडफोन आणि मोठा नॉब हेच दोन निकष. बटणं दाबून मेनू उघडणारा अॅम्प आणू नका, तो चार दिवसांत कपाटात जाईल.

आवाज किती ठेवावा? जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, सरासरी ८० डेसिबल अशी मर्यादा सुचवली आहे, लहानांसाठी ७५. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला पाच. चांगला अॅम्प फाटत नाही, म्हणून आवाज वाढत गेल्याचं कळत नाही. मुलांना अॅम्प देणार असाल तर कमी गेनवर ठेवा आणि नॉबवर स्केचपेनाने खूण करून द्या.

मग घ्यायचं काय? हेडफोन साधा असेल तर काहीच नाही. ते पैसे चांगल्या हेडफोनमध्ये घाला, फरक तिथे ऐकू येतो. एक्सबॉक्स, सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही असं सगळं एकत्र चालवायचं असेल तर ऑप्टिकल इनपुटवाला डॅकसह अॅम्प, फिओ के११ च्या जातीचा. फक्त प्लेस्टेशन ५ असेल आणि ३डी ऑडिओ हवा असेल तर यूएसी १ चालवणारा छोटा यूएसबी डॅक. मित्रांसोबत खेळणं रोजचं असेल तर माइकवाला, जी६ सारखा. अॅम्पवर हेडफोनच्या किमतीहून जास्त खर्च करू नये, हा माझा नियम. मोडणारे मोडतात आणि नंतर हेडफोन बदलतात.

विकत घेताना परत करायची मुदत विचारून घ्या आणि अॅम्प आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी तुमच्या टीव्हीला, तुमच्या कन्सोलला, तुमच्याच वायरीने लावून बघा. आणि अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाला आणायला सांगणार असाल तर अडॅप्टरवरचा मजकूर वाचायला सांगा. मोबाइलच्या चार्जरप्रमाणे तो १०० ते २४० व्होल्टचा असेल तर प्रश्न नाही. पण मॅग्नीसारख्या काही अॅम्पसोबत जड ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर येतो आणि अमेरिकेत विकला जाणारा तो फक्त ११५ व्होल्टचा असतो. तसा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घालू नका, इथे चालणारा वेगळा मागवा.